क्वालालंपूरसाठी घेतलेला चावा

मित्रांनो, मी एक जुनी रोटी आहे. जुनी म्हणजे कालची-परवाची नव्हे, चांगली तीन वर्षांची. उझबेकिस्तानातल्या मार्गिलान गावातल्या एका स्वयंपाकघरात, दारावरच्या खिळ्याला मी टांगलेली आहे. माझ्या कडेचा एक घास कुणीतरी चावून घेतला आहे. बाकी मी शाबूत आहे, आणि खरं सांगू का, या शाबूत राहण्यानेच मी थकून गेले आहे.

माझा जन्म एका बुधवारचा. या घरच्या मुकर्रमओपाने पहाटे उठून पीठ मळलं; आमच्याकडे ताईला ओपा म्हणतात आणि दादाला अका. आयुष्यभर रेशीम विणून खरखरीत झालेल्या हातांनी तिने मला थापलं, मधोमध ठसा मारून नक्षी उठवली, वर कलोंजी भुरभुरली आणि तंदुराच्या भिंतीला चिकटवलं. माझ्यासोबत अकरा बहिणी होत्या. दुपारपर्यंत त्यांचा फन्ना उडाला. मला तेवढं कुणी हात लावला नाही, कारण मी सगळ्यांत गोल आणि लालसर भाजले होते. मला वाटलं, काय हा मान! मानाचं ओझं किती असतं ते मागाहून कळलं.

आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने रोटीचा एक चावा घ्यायचा असतो. उरलेली रोटी घरात टांगायची. तो परत आला की त्यानेच ती चहात बुडवून संपवायची, दुसऱ्या कुणी तिला दात लावायचा नाही. घरात आपलं अन्न बाकी असलं की नशीब माणसाला माघारी आणतं, असं सगळे मानतात.

माझ्या खिळ्यावर माझ्याआधी कितीतरी रोट्या टांगल्या गेल्या. मुकर्रमओपाचे यजमान एर्गाशअका रशियात बांधकामावर जायचे, त्यांच्या सात हंगामांच्या सात. थोरल्या मुलाच्या चार. मुलगी रोबिया ताश्कंदला शिकायला गेली तेव्हाची एक. या सगळ्या मुकर्रमओपाने भाजल्या, टांगल्या, उंदरांपासून जपल्या आणि दर गुरुवारी फडक्याने पुसल्या. साठी आली तरी तिने स्वतः मात्र एकाही रोटीला चावा घेतला नव्हता. कुठे जायचंच नव्हतं, तर चावणार कशाला?

मग तिच्या डोक्यात क्वालालंपूर शिरलं. महिन्यातून एकदा ती आणि तिच्या तीन मैत्रिणी चहाला जमतात. त्यातल्या तुर्सुनोयने कुठल्याशा प्रवास कार्यालयातून एक कॅलेंडर आणलं. त्यावर दोन उंच मनोरे, मध्ये पूल आणि खाली हिरवंगार रान. तिथे हिवाळाच नसतो म्हणे. मुकर्रमओपा ते चित्र कितीतरी वेळ बघत राहिली. तिचा पहिला प्रश्न होता की हिवाळा नाही, तर तिथल्या बायका जळण कधी भरून ठेवतात?

झालं, चौघींनी सहल ठरवली. ठरवली कसली, नमनालाच घडाभर तेल गेलं. रोज्यांचा महिना नको. जर्दाळू वाळवायचे दिवस नकोत. वसंतात घरोघरी रेशमाचे किडे वाढवायला घेतलेले असतात, त्यांना तुतीचा पाला कोण घालणार? शरदात लग्नं. जेवणाचं काय, याची चिंता नव्हती, तिथले लोकही आपल्याच धर्माचे. पण चहा कसला देतील, यावर दोन बैठका झाल्या. टोपी कोणती, छत्री एकेक की दोघींत एक, वाळवलेले जर्दाळू किती किलो. एवढं सगळं ठरलं आणि तिकीट तेवढं राहिलं.

आणि इथेच घोडचूक झाली. तुर्सुनोय म्हणाली, बुधवार चांगला आहे, रोटी चावायचा कार्यक्रम उरकून घेऊ, तिकिटं काय, होतील. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! मोठ्या कढईत पुलाव शिजला. आळीतले म्हातारे आले, हात पसरून दुवा मागितली. कुणी मलम आणायला सांगितलं, कुणी नातवासाठी खेळणं. मुकर्रमओपाने मला दोन्ही हातांत धरलं आणि चावा घेतला. आयुष्यातला पहिला. 

दुसऱ्याच आठवड्यात एर्गाशअकांचा गुडघा धरला. मग पुतण्याचं लग्न निघालं. मग सून महफुजाला दिवस गेले. एर्गाशअका दर वेळी म्हणत, "जा की, मी कुठे अडवलंय?" आणि लगेच कण्हत पुढे जोडत, "माझ्या गोळ्या मीच शोधीन कशातरी." की मुकर्रमओपाची पिशवी पुन्हा कपाटावर.

त्या बुधवारी मैत्रिणींनीही आपापल्या रोट्या चावल्या होत्या, त्यांनाही त्या टांगून ठेवणं अवघड वाटू लागलं. पण त्या हुशार. एक जवळच्या कोकंदला बहिणीकडे दोन दिवस राहून आली आणि आपली रोटी खाऊन मोकळी झाली. दुसरी अंदिजानला. तुर्सुनोय तर नुसती दवाखान्यात जाऊन आली. तिने मुकर्रमओपालाही तोच सल्ला दिला. मुकर्रमओपा म्हणाली, "मी चावा क्वालालंपूरसाठी घेतलाय, कोकंदसाठी नाही."

मला तेव्हा केवढा अभिमान वाटला! पण मित्रांनो, नव्याचे नऊ दिवस. पहिल्या वर्षी पाहुणे माझ्याकडे बोट दाखवून कौतुक करायचे. दुसऱ्या वर्षी भिंतींना चुना दिला, तो माझ्यावर उडाला. तिसऱ्या वर्षी महफुजा म्हणाली, "ओयी, भिजवून कोंबड्यांना घालू का? नुसती धूळ खातेय." ओयी म्हणजे आई, सासूलाही तेच म्हणतात.  गुरुवारचं पुसणंही हळूहळू सुटलं. मी दगडासारखी टणक झाले. येणाऱ्याची वाट बघता येते हो, पण जी गेलीच नाही, रोज माझ्याखालून पाणी घेऊन जाते, तिची वाट कशी बघायची?

गेल्या महिन्यात मैत्रिणींच्या चहात तुर्सुनोयने थट्टा केली की मुकर्रमची रोटी आता संग्रहालयात द्यायला हवी. सगळ्या हसल्या. मुकर्रमओपाही हसली. घरी आली, खुर्चीवर चढली आणि तिने मला खाली काढलं. वाडग्यात गरम चहा ओतला आणि माझी एक कड त्यात धरली.

एर्गाशअका दारात उभे होते. "अगं, हे काय? तू कुठे जाऊन आलीस?"

"कुठेच नाही," ती म्हणाली. "जाणारही नाही. उगाच अन्न अडकवून ठेवलंय. संपवते."

तिचा आवाज रडका नव्हता. तो माझ्यासारखाच कोरडा होता. न गेलेल्या माणसाच्या पोटात जायचं, यासाठी का मी तीन वर्षं टिकले?

एर्गाशअका गुडघा धरून खाली बसले. त्यांनी मला तिच्या हातातून काढून घेतलं, कडेचा चहा निथळवला. बराच वेळ ते चाव्याच्या खुणेकडे बघत होते.

"सात हिवाळे मी परमुलखात विटा रचल्या," ते म्हणाले. "हात गोठायचे. घरी माझी रोटी आहे आणि तू ती पुसते आहेस, एवढ्यावर दिवस काढले. तुझी रोटी मी एकदाही पुसली नाही गं."

मुकर्रमओपाने चहाचा वाडगा बाजूला सारला.

"रोबियाला फोन लाव. दोघी मायलेकी जा."

"आणि तुमच्या गोळ्या?"

"दहा दिवसांत मरत नाही मी. मेलोच, तर कळवतो."

यावर ती हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. त्याच आठवड्यात तिकिटं आली. शेजारणी म्हणाल्या, ताजी रोटी भाज, ही शिळी झाली. तिने ऐकलं नाही. निघायच्या दिवशी तिने मला कपाळाला लावलं आणि एर्गाशअकांच्या हातात दिलं. ते कण्हत खुर्चीवर चढले. आजवर माझ्यासाठी खुर्चीवर चढणारी तीच एक होती.

आज पाचवा दिवस. ते मला रोज पुसतात. पुसणं जमत नाही त्यांना, माझी कलोंजी गळते, पण मी तक्रार करत नाही. काल तिचा फोन आला, चेहरा दिसणारा. घामाने डबडबलेली, डोक्यावर कसलीशी हास्यास्पद टोपी, मागे ते मनोरे. तिने गोळ्यांचं विचारलं, मग माझं.  एर्गाशअकांनी फोन वर धरून माझ्याकडे वळवला. तीन वर्षं मी तिला चुलीच्या उजेडातच पाहिलं होतं. इतकी तरुण ती मला कधी दिसली नव्हती.

मित्रांनो, तुमच्याही घरात दुसऱ्यांच्या रोट्या जपणारं कुणीतरी असेल. त्याला एकदा विचारा, तुला कुठे जायचंय? आणि उत्तर आलं की आपला गुडघा पुढे करू नका.

मला अजून पाच दिवस काढायचे आहेत. तीन वर्षं संपली, पण हे पाच दिवस काही केल्या सरत नाहीत. आता खरंच कुणीतरी यायचं आहे ना.