चुकून शाळेत गेलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. थांबा, लगेच पेन्सिल शोधू नका! तुम्ही लिहिता ती काळी, दगडाची पाटी वेगळी. मी बांबूच्या पट्ट्यांची, डोक्यावर वाहून न्यायची पाटी. आम्हा दोघींचं नाव एक, आणि त्या नावापायीच मी शाळेत गेले. तिथे जे झालं ते आठवलं की आजही माझ्या पट्ट्या करकरतात.

माझा जन्म टेकडीवरच्या एका अंगणात झाला. मला विणलं आत्याने. ती खरी आत्या भिंगरीची. पण टेकडीवरचे सगळेच तिला आत्या म्हणत, अगदी तिच्याहून म्हातारेसुद्धा. तिच्या बोटांना असा वेग, की पाटी आधी तयार व्हायची आणि तोडलेला बांबू मागाहून जमिनीवर पडायचा. बरं, अगदी एवढा नाही, पण जवळपास.

मी भिंगरीसाठी होते. भिंगरी म्हणजे आत्याची आठ वर्षांची भाची, एका जागी दोन क्षण न टिकणारी. टेकडीवर शिकणाऱ्या मुलाच्या पाटीचा काठ पुरा बांधत नसत. रानातलं एक झाड किंवा वेल नीट ओळखला, की काठावर पट्टीचा एक वेढा. माझ्या काठावर अकरा वेढे झाले होते. बारावा राहिला होता. तो तीन पानांच्या वेलाचा.

त्या वेलाखाली पांढरा, गुबगुबीत कंद असतो. दिसायला अगदी गरीब. पण पातळ कापून, माझ्यासारख्या पाटीत भरून, चार दिवस वाहत्या ओढ्यात ठेवल्याशिवाय तो खाल्ला, तर खाणारा उरत नाही.

"मी ओळखते की तो वेल! दे ना वेढा," भिंगरी हट्ट करायची.

"हा नुसता ओळखून मिळत नाही," आत्या म्हणायची. "भुकेल्या माणसाच्या हातातून तो कंद काढून घेशील, तेव्हा मिळेल."

हे सांगताना ती खाली ओढ्याकडे बघायची. तिच्या सगळ्यात धाकट्या भावाला लहानपणी दूरच्या वसतिशाळेत नेलं होतं. चार वर्षांनी तो परतला, तेव्हा त्याला तीसपर्यंत पाढे येत होते. ओढ्याकाठी भूक लागली म्हणून त्याने एक कंद भाजून खाल्ला. तीन पानं तो विसरला होता.

म्हणून खालच्या गावात शाळा उघडली आणि भिंगरीचा बाप पोरीला शाळेत घालू म्हणाला, तेव्हा आत्याच्या हातातला कोयता खाली पडला.

"एक दिला शाळेला. ही देणार नाही."

"ताई, परवा मोजणीवाले कागद घेऊन आले होते," बाप म्हणाला. "मी अंगठा दिला. कशावर दिला ते मला अजून ठाऊक नाही. ही टेकडी आपली राहिली की गेली, तेही ठाऊक नाही."

मित्रांनो, घाबरलेले दोघंही होते. एकाला कागदाची भीती, एकीला विसरण्याची. शेवटी आत्या म्हणाली, "जाऊ दे. पण रोज संध्याकाळी रानातलं सांगून दाखवायला माझ्यापुढे उभी राहिली पाहिजे."

पहिल्याच दिवशी गुरुजींनी सांगितलं, "उद्या प्रत्येकाने पाटी आणायची." दुसऱ्या दिवशी भिंगरी मला डोक्यावर घेऊन ऐटीत वर्गात शिरली.

असं हसू फुटलं, की छपराचे पत्रे दोन बोटं वर उचलले गेले. "अगं, आता यात शेण भर नि शुद्धलेखन काढ!" कुणीतरी ओरडलं. गुरुजी वाईट नव्हते. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला साधा माणूस. पण तेही हसले. संध्याकाळी बापाला म्हणाले, "पोरगी गुणी आहे हो, पण अगदी कोरी पाटी."

बापाने घरी सांगितलं. आत्या भडकली. "कोरी? डोळे फुटले का त्यांचे? अकरा वेढे आहेत तिच्या पाटीला!"

त्या दिवसापासून भिंगरी शाळेत बोलेनाशी झाली. पोरं तिला 'मुकी' म्हणू लागली. मला कोपऱ्यात ठेवलं आणि माझ्यात फाटके कागद टाकू लागले. तिथून मी तिची पाठ बघायची. रोज थोडी जास्त वाकलेली. ही पोर रानही विसरणार आणि अक्षरंही शिकणार नाही, या धास्तीने मी वाळत चालले.

एके दिवशी स्वयंपाकीण आली नाही. दुपार झाली, पोटं कुरकुरू लागली. मोठ्या पोरांनी कुंपणामागून कसलेसे कंद खणून आणले. गुरुजी खूश झाले. "वा! रताळ्याचेच भाऊबंद दिसतात." त्यांनी स्वतः चूल पेटवली. सरपणाबरोबर तोडलेला वेलही आला होता. त्याच्या देठाला तीन पानं होती.

भिंगरीने ती पाहिली. ती कोपऱ्यात आली आणि तिने माझा काठ घट्ट धरला. बोल गं, बोल! मी ओरडत होते. पण पाटीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

ताटल्या वाढल्या गेल्या. सगळ्यात लहान मुलीने फोड तोंडाशी नेली.

"नको!"

भिंगरीने झडप घातली, फोड हिसकावली आणि माझ्यात फेकली. मग एकेक ताटली माझ्यात पालथी करत सुटली.

"अरेच्चा, मुकी बोलली!"

"काय चाललंय हे?" गुरुजींनी हात उगारला. तो उगारलेलाच राहिला. त्यांनी शिजलं का ते पाहायला एक फोड आधीच खाल्ली होती. त्यांचे ओठ पांढरे पडले. "जीभ... जीभ बधिर झालीय," म्हणत ते भिंतीला धरून खाली बसले आणि भडाभडा ओकले.

एक पोरगा डॉक्टरची गाडी आणायला धावला, दुसरा टेकडीवर. आत्या आली. शाळेचा उंबरा तिने ओलांडला नाही.

"किती खाल्लं?"

"एकच फोड, तीही ओकून टाकली," भिंगरी म्हणाली.

"मग जगतील." तिने माझ्यात डोकावून पाहिलं. फाटक्या कागदांवर कंदाच्या फोडी पडल्या होत्या. "गुरुजी, ही तुमची कोरी पाटी."

 गुरुजींनी भिंतीशी बसल्याबसल्या हात जोडले.

आत्या पायरीवर बसली. बाराव्या वेढ्याची पट्टी तिने भिजवली, वळवली आणि अर्ध्यावर सोडली.

"आत्या, उरलेला?"

"तो तू बांधायचा. पुढे खूप शिकशील, लांब जाशील. परत आलीस की तुझ्या हाताने."

मित्रांनो, आज मी त्याच वर्गात खिळ्याला टांगलेली आहे. माझ्यात खडू ठेवतात. भिंगरी शहरातल्या मोठ्या शाळेत आहे. बापाने अंगठा दिलेल्या त्या कागदाबद्दल तिने पत्रातून विचारलंय. त्याची नक्कल घेऊन ये, मी वाचते, असं लिहिलंय. आत्या आता नाही. आणि माझ्या काठातून ती अर्धी पट्टी बाहेर आलेली आहे. दर उन्हाळ्यात ती थोडी आणखी कडक होते.

कुणालाही कोरी पाटी म्हणण्याआधी आत हात घालून बघा. आणि कधी या वर्गात आलात, तर माझ्यावर पाण्याचा एक हबका मारा. वाळलेली पट्टी वळत नाही, तुटते. भिंगरी येईपर्यंत मला ओली ठेवा.