हेमचंद्रचा अर्ज

सिनेमा संपेपर्यंत जयंती चार वेळा उठून खिडकीपाशी जाऊन आली. सिनेमा स्पॅनिश होता. अंथरुणाला खिळलेली एक विणकर बाई, आपल्याला मरू द्यावं म्हणून कोर्टात झगडते आणि हरते. हेमचंद्रला सबटायटल्स लागत नव्हती. व्हॅलेन्सियात दोन वर्षं काढून मगच तो लायडनला संशोधनाच्या नोकरीवर आला होता. तीन वर्षांपूर्वी त्याच्या हातांचे स्नायू दगा देऊ लागले, मग पायांचे. आता तो रायस्वाइकला धाकट्या बहिणीच्या, जयंतीच्या, फ्लॅटमध्ये राहत होता, व्हीलचेअरवर, आणि जीभही जड होत चालली होती.

"सगळे तिच्याबद्दल बोलतात," तो एकेक शब्द सोडवत म्हणाला. "तिच्याशी कुणीच नाही."

मग त्याने सांगितलं, की आपण हाउसआर्ट्सशी, म्हणजे इथल्या डच फॅमिली डॉक्टरांशी, डिसेंबरातच बोललो आहोत. इथे इच्छामरणाचा कायदा आहे. लेखी अर्ज दिला आहे. वेळ आली की दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घेतील.

"घरच्यांची सही लागत असेल ना?" जयंतीने विचारलं.

"नाही."

ती जॅकेट चढवून बाहेर पडली. फेब्रुवारी दोन हजार एकवीस. दुकानं बंद, शाळा बंद, पण कालवा गोठला होता आणि अख्खं गाव बर्फावर घसरत होतं. पोरं पडत होती, हसत होती. जयंती काठाकाठाने चालत राहिली, वळून परत आली, पुन्हा गेली. जेवण केलं नाही. सोमवारी टीमच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून घरभर फेऱ्या मारल्या आणि दुपारी हेमचंद्रला न सांगता त्या फॅमिली डॉक्टरांकडे, व्हिसरबाईंकडे, गेली.

मास्कमधून ती भडाभडा बोलली. दादा हे माझ्यासाठी करतोय. माझं लग्न राहिलं, माझ्या पाठीचं दुखणं, सगळ्याचं खापर तो स्वतःवर फोडतो. माझी काही तक्रार नाही, हे त्याला कुणीतरी सांगा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की हे मी त्यांनाच विचारीन, तुमच्यासमोर.

बुधवारी त्या घरी आल्या आणि खरोखरच विचारलं. हेमचंद्रने आधी बहिणीकडे पाहिलं. जयंतीची नजर खाली गेली.

"तिचा विचार मी करतोच," तो इंग्रजीत म्हणाला. "पण हे तिच्यासाठी नाही. माझा श्वास कोंडून शेवट व्हायला नको, एवढंच."

बाई गेल्यावर तो मराठीत म्हणाला, "जया, तू माझ्याबद्दल बोलायला गेलीस. माझ्याशी बोल ना."

तिला खूप काही बोलायचं होतं. तोंडातून एकच शब्द आला, "कधी?"

"गिळता येईनासं झालं की."

"आणि आईला?"

"मी सांगणार. बोलता येतंय तोवर."

त्याच संध्याकाळी त्याने नाशिकला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. आईने, कुमुदिनीबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. त्या रडतील, देवाधर्माचं काढतील, अशी तयारी जयंतीने ठेवली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "मी येईपर्यंत थांबशील?"

"बघतो," तो म्हणाला.

मग सगळं विमानांवर येऊन ठेपलं. एप्रिलमध्ये भारतात कोरोनाची लाट आली, उड्डाणं थांबली. जयंती रोज सकाळी लॅपटॉप उघडून आधी प्रवासाचे नियम वाचायची, मग ऑफिसची मेल. हेमचंद्र चमच्याने दही खायचा, नंतर पातळ खीर, नंतर घट्ट केलेलं पाणी. दोनदा ठसका लागून जीव घाबरा झाला, तेव्हा जयंतीनेच म्हटलं, "दादा, नको थांबूस." त्याने मान हलवून नाही म्हटलं.

सप्टेंबरच्या शेवटी आई आल्या. पाच आठवडे, गिळता येईनासं होईपर्यंत, त्याला त्यांनीच भरवलं. जयंतीला जवळ येऊ दिलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी दहाला, डॉक्टर व्हिसरबाईंनी त्याला शेवटचं विचारलं. आवाज उरला नव्हता. त्याने डोळे दोनदा मिटून होकार दिला. आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. इंजेक्शननंतर पाचदहा मिनिटांत सगळं शांत झालं.

कायद्याप्रमाणे नगरपालिकेचे डॉक्टर पाहणीला आले. तरुण माणूस, मास्क लावलेला, कागद भरत अवघडून बसला. आईने त्याच्यापुढे चहा ठेवला, तेव्हा त्याने मास्क उतरवला. समोर बसून आई मराठीत सांगू लागल्या, की हा मुळातच खटपट्या आहे, लहानपणी घरातली घड्याळं खोलून ठेवायचा, एकही परत जुळवायचा नाही. जयंती इंग्रजीत सांगत गेली. आईच्या 'आहे'च्या जागी तिला 'वॉज' म्हणायचं होतं आणि दर वेळी तिची जीभ अडखळत होती. त्या माणसाने पेन खाली ठेवलं होतं. आई थांबायचं नाव घेत नव्हत्या.