डावे वळण मंडळाची काळी

मित्रांनो, काळ्या टाकीची एक जुनी मोटारसायकल आज तुमच्यापुढे आपले जीवन उलगडीत आहे. माझ्यासारख्या वस्तू बहुधा आपल्या सेवेचे व त्यागाचे वर्णन करतात. मजजवळ सांगण्यासारखे आहे ते निराळे. मी हेवा केला, मनापासून केला, आणि तो मी तुमच्यापासून लपविणार नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पुढे त्या कारखान्याने माझ्या जातीच्या गाड्या घडविणेच थांबविले. मी मात्र तोवर सावली तालुक्यातील इस्तारीच्या अंगणात नांदू लागले होते. इस्तारी हा तलावात जाळे टाकून पोट भरणारा मनुष्य. त्याची पत्नी ताराबाई मासळीचे टोपले मांडीवर घेऊन माझ्या पाठीवर बसे आणि आम्ही तिघे सावलीच्या बाजारास जात असू. परतताना माझ्या अंगाला असा वास येई की गावातील मांजरे वेशीपासून माझी सोबत करीत. इस्तारी घरी येताच मला घासून धूत असे.

"पायलच्या बाबा, पयले हिले धुता, मंग सोताचं तोंड धुता," ताराबाई नवऱ्याला म्हणे. "मले तं कवा तांब्याभर पानी नाई इचारलं!"

आमच्या गावी रामाजी नावाचे मिस्त्री होते. त्यांना रद्दीमध्ये विलायतेचे एक सचित्र मासिक सापडले. त्यात मोटारसायकलींच्या शर्यतीची चित्रे होती. शाळेच्या गुरुजींनी मजकूर वाचून अर्थ सांगितला तो असा. विलायतेत गावोगाव अशा शर्यतींचे संघ असतात. मातीच्या गोल वाटेवर चार गाड्या चार फेऱ्या घेतात, दोन एका संघाच्या व दोन दुसऱ्याच्या. अशा अनेक दौडी होतात व शेवटी गुणांची बेरीज करतात. गाडीला ब्रेक नसतो. वळण सदैव डावीकडेच, आणि वळताना स्वार डावा पाय जमिनीवर घाशीत नेतो, म्हणून त्या बुटास पोलादी तळ असतो.

"पोलादी तळ कुठून आनाचा?" कुणी विचारले.

"काऊन, बैलाले नाल नाई ठोकत का?" रामाजी म्हणाले. "मानसाले ठोकू."

नालबंदाने इस्तारीच्या डाव्या बुटास खरोखरच नाल ठोकली. उन्हाळ्यात गावचा मामा तलाव, म्हणजे मालगुजारीच्या काळातला जुना तलाव, आटतो व त्याचा तळ पाटीसारखा टणक होतो. तेथे वाट आखली गेली, आणि अशा रीतीने 'डावे वळण मंडळ' स्थापन झाले. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी मूल गावचा व गोंडपिपरीकडील असे संघ आले. तिसऱ्या वर्षी जिवतीच्या डोंगरावरून असा एक संघ उतरला की आमचे हसणे थांबले. मध्यंतरी तलाव दोन वर्षे आटलाच नाही, तेव्हा मंडळ मोडल्यासारखे झाले. पुन्हा उभे राहिले तेही माझ्याच चाकांवर. लोक मला 'काळी' म्हणत. "काळी आली!" ही हाक ऐकताच माझ्या सायलेन्सरचा ऊर भरून येई. मला वाटे, ही हाक शेवटपर्यंत माझ्याच नावाची राहील.

तथापि तसे घडावयाचे नव्हते. इस्तारीचा पुतण्या निकेश याने गडचिरोलीहून एक गाडी आणली. ती माझ्याच जातीची, परंतु माझ्याहून सात वर्षांनी लहान आणि लालभडक. लोकांनी तिचे नाव 'नवरी' ठेवले. मित्रांनो, त्या दिवसापासून माझी साखळी आतल्या आत करकरू लागली. नवरीने कधी मासळीचे टोपले वाहिले नव्हते. तिच्यामागे मांजरे येत नसत, मुले येत. तिला झाडाच्या सावलीत उभे करीत आणि मला उन्हात. ती घसरून पडावी, तिचा प्लग काळा पडावा, अशी मी मनोमन इच्छा करी. एकदा ती खरेच पडली. त्या दिवशी मी पहिल्या किकला सुरू झाले, हे मी शरमेने नमूद करते.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात रामाजींनी आम्हा दोघींना खोलून पाहिले व ते गंभीर झाले.

"इस्तारीभाऊ, खरं सांगू का? दोघींचाही जीव आटला. इचं सामान आता कुठीच भेटत नाई. दोन गाड्यायच्या सामानातून एकच गाडी उभी राह्यते."

"मंग कोनती खोलाची?" इस्तारीने विचारले.

"जिवतीसंगं शेवटची दौड राह्यते ना? तिच्यात जे मांगं राहीन, ते खोलाची. मंडळाचा शब्द."

इस्तारी माझी टाकी पुसू लागला. मी मात्र निश्चय केला. जिवतीचा संघ गेला खड्ड्यात. मला फक्त नवरीच्या पुढे राहावयाचे होते.

शर्यतीच्या दिवशी शेवटची दौड येईतो जिवतीचा संघ तीन गुणांनी पुढे होता. पहिल्यास तीन, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक गुण मिळत असे. म्हणजे आम्ही दोघी पहिली व दुसरी आलो, तरच गाव जिंकणार होते. आम्हापैकी एकीनेही स्थान गमाविले, तर हार ठरलेली.

झेंडा पडला. इस्तारीने मला अशी सोडली की पहिल्या वळणावरच आम्ही सर्वांच्या पुढे. नाल मातीवर घासत होती, मागचे चाक फेकले जात होते, आणि लोक ओरडत होते, "काळी! काळी!" दोन फेऱ्या मी सुखाच्या शिखरावर होते. तिसऱ्या फेरीत इस्तारीने मान वळवून पाहिले. नवरी आमच्या मागे होती, पण जिवतीचा स्वार बुधू बाहेरच्या बाजूने तिला गाठीत होता. आणखी अर्धे वळण, आणि तो तिच्या पुढे निघाला असता.

मला त्याचे काय? मी पहिली होते. मी वाचले होते.

इतक्यात इस्तारीची मूठ सैल झाली. मी कळवळले, पण मोटारसायकलीला स्वतःची मूठ नसते. त्याने मला बाहेरच्या बाजूस नेले, नेमके बुधूच्या वाटेत, आणि त्याला पुढे जावयास वाटच ठेवली नाही. आतली बाजू मोकळी झाली. तेथून लाल टाकी माझ्या शेजारून सरकली व पुढे गेली. शेवटची फेरी इस्तारी बुधूला अडवीत राहिला आणि मी नवरीची धूळ खात राहिले.

गाव एका गुणाने जिंकले. लोकांनी नवरीला खांद्यावर घ्यावयाचे तेवढे बाकी ठेवले.

निकेश धावत आला. "काका, हे खरं नोहे. तुमीच मले म्होरं सोडलं. माही गाडी खोला."

"तू पयला आला ना?" इस्तारी म्हणाला. "मंग झालं."

दुसऱ्या दिवशी रामाजींनी पाना हाती घेतला, तो इस्तारीने काढून घेतला. "मीच खोलतो. दुसऱ्याचा हात नोको." माझा सिलिंडर, कार्ब्युरेटर, क्लच, एकेक भाग त्याने जुन्या लुगड्यावर मांडला. त्या दिवशी त्याने मला धुतले नाही.

पंधरा दिवसांनी भंगारवाला मंगरू हातगाडी घेऊन आला. इस्तारी पाठ करून जाळे विणीत बसला. मंगरूने माझे हँडल धरले, तोच ताराबाई आडवी झाली.

"ठेव तिले."

"बाई, इंजिन नाई, चाक नाई. देव्हाऱ्यात ठेवता का?"

"कुठीही ठेवीन. इतके वर्सं हिचा हेवा करून राह्यली मी. हे गेली तं मी कोनाच्या नावानं बोटं मोडू?"

जाळे विणता विणता इस्तारी हसला. पंधरा दिवसांत प्रथमच हसला.

तेव्हापासून मी गोठ्यात आहे. माझाही कोणी हेवा करीत होते, हे ऐकून मला जो आनंद झाला, तो कोणत्याही शर्यतीत झाला नव्हता. तरी खोटे कशाला बोलू? तलावाकडून नवरीचा आवाज येतो, त्यात माझाच सिलिंडर बोलतो, आणि माझा सांगाडा अजूनही जळतो.

म्हणून मित्रांनो, एवढीच विनंती. आपल्या गाडीच्या साखळीला वेळेवर तेल द्या, पावसात तिच्यावर ताडपत्रीची फारी टाका. आणि नवी गाडी दारी आणून तिला कुंकू लावाल, तेव्हा बोटाला उरलेले जुनीच्या टाकीला पुसा. आम्हाला तेवढे पुरते.