हंड्याला हात

मानमोडीच्या तापानं माणसं मेली हे खरं, पण त्यातली काही तुमच्या हुकमानं मेली, साहेब. तापानं नाही, तहानेनं. सन अठराच्या साथीत तुम्ही मळवलीच्या भाताच्या वखारीत खाटा मांडल्यात, दोन बायका कामाला लावल्यात आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून, नाकाला रुमाल धरून वाटणी केलीत: "पाणी आणि पेज विठाबाई देईल. हुस्नबानोनं हंड्याला हात लावायचा नाही."

एवढं सांगून तुम्ही टांग्यात बसलात. मागं काय झालं ते ऐका.

हुस्नबानोच्या वाट्याला ओकारी आली, घाण आली, मुडदे आले. ज्याला तिनं सकाळी पुसून कोरडा करावा, तोच दुपारी विठाबाईला हात जोडायचा. वाटीभर पाणी ओठाला लागलं की, "विठामावशी, तू माझी आय हाईस." आणि हुस्नबानोला? "ए बाई, हितं बघ, घाण झालीया." तिला कुणी मावशी म्हटलं नाही.

विठाबाई लोहगडवाडीची, अंगानं थोराड, तोंडानं फटकळ. बरे होऊन गेलेले तिला नारळ आणून द्यायचे. एकानं तर खण आणला. तो तिनं हुस्नबानोपुढंच उलगडला.

"बग गं, हिरवा हाय. शोभंल का मला?"

"शोभंल की. पानी पाजनाऱ्याला समदंच शोभतं."

"जळतीस व्हय?"

"जळाया मी काय सरपन हाय?" हुस्नबानोनं थुंकीचं मडकं उचललं आणि ती बाहेर गेली. पण जळत होती. ओलं लाकूड जळतं तशी, नुसता धूर काढत.

मग विठाबाईच तापानं पडली. तिला तरटाच्या आडोशामागं निजवलं. हंड्याला कुणी धनी उरला नाही. हुस्नबानोला वाटलं, आता तरी हाक मारतील. महिपती म्हणून एक शेतकरी होता, त्याची जीभ सुकून टाळूला चिकटलेली. ती त्याच्याजवळ उकिडवी बसली.

"भाऊ, पानी देऊ का?"

त्यानं मान फिरवली. "विठामावशी उठली की पिईन."

"ती न्हाई उठायची आज."

"मग ऱ्हाऊ दे."

पाणी द्यायला दुसरी बाई पाठवा, असा निरोप तुमच्याकडं गेला, साहेब. कुणी आलं नाही. हंडा काठोकाठ भरलेला आणि भोवती माणसं कोरडी. महिपती वाट बघत बघत गेला. त्याला हुस्नबानोनंच उचलला. तिला रडू आलं नाही, राग आला. मरतानाही मेला विठाबाईचंच नाव घेऊन मेला.

त्याच रागात ती तरटामागं गेली. विठाबाईचे ओठ फुटले होते.

"हुस्ने, पानी."

"मला हुकूम न्हाई."

"मरंन गं मी."

"दुसरी येऊ दे. तिच्या हातचं पी."

असं म्हणून ती नुसती बघत उभी राहिली. विठाबाईनं चाचपडत तिचा पदर धरला. "दे गं, मावशे."

हुस्नबानोनं मागं वळून पाहिलं. मग हंड्यात तांब्या बुडवला. विठाबाईनं तो एका दमात रिकामा केला, आणखी मागितला, आणि डोळे मिटताना म्हणाली, "कुनाला सांगू नगंस."

ती जगली. उठली आणि त्याच हंड्यातलं पाणी तिनं साऱ्यांना पाजलं. कुणी बाटलं नाही.

दिवाळीनंतर तुम्ही लोहगडवाडीच्या चावडीसमोर लुगडं घेऊन आलात. "या एकट्या बाईनं वखार सांभाळली," म्हणालात. लोकांनी माना डोलावल्या. विठाबाईनं दोन्ही हात पुढं केले, तशी मागं उभी असलेली हुस्नबानो वाट काढत समोर आली.

"साहेब, लुगडं तिलाच द्या. मला नगं. फकस्त माझ्या एका सवालाचा जबाब तिला देऊ द्या."

विठाबाईचे हात तसेच थांबले. अख्खी लोहगडवाडी समोर बसली होती. खरं बोलली तर उद्या तिच्या हातचं पाणी तिच्या घरातलंही कुणी पिणार नव्हतं. हुस्नबानोला ते पुरतं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ती आली होती.

"खाली काय बघतीस? हिकडं बघ आन् सांग. तू पडलीस तवा पानी कुनी पाजलं तुला?"