गादीबाबांचा श्वास

"खाली ये! खाली ये! खाली ये!"

अंगणात पन्नास-साठ माणसं एका सुरात ओरडत होती. आणि कुणावर? तर पडद्याआडच्या एका मोटारीवर! जरा वेळाने पडदा सरकला. आत जाताना उंटासारखी दिसणारी गाडी चक्क चार बोटं खाली बसून बाहेर आली. बॉनेटवर काठोकाठ भरलेला पेला ठेवून ती उंचवट्यावरून नेली, तर पाणी नुसतं थरथरलं. थेंबही सांडला नाही. मग काय, टाळ्या आणि शिट्ट्या!

"लोखंड हट्टी असतं, बाळांनो," पांढऱ्या डगल्यातले गादीबाबा डोळे अर्धे मिटून म्हणाले. "मी त्याच्या कानात बोलतो. ते लाजतं. लाजलं की खाली बसतं, आणि बसलं की गादीसारखं मऊ होतं!"

"पण लोखंडाला कान कुठे असतात?" टिटवीने विचारलं.

"गप गं!" पप्पांनी तिला कोपराने ढोसलं.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. उठल्यापासून झोपेपर्यंत प्रश्नांची टिवटिव चालायची, म्हणून घरात तेच नाव पडलं होतं. आज मात्र पप्पांना एकही प्रश्न नको होता, कारण प्रश्न आईचा होता.

आईच्या खुब्यात सळई होती. जिन्यावरून पडल्यापासून तिचा पाय वीतभरापेक्षा वर उचलत नव्हता, आणि पप्पांची गाडी होती सामान वाहायची, उंच. नुसती खाली करावी तर दणके बसणार, आणि दणके बसले की खुबा ठणकणार. इकडे महिनाअखेरीस आईची वाचनालयातली रजा संपत होती. ती हजर झाली नाही तर तिच्या खुर्चीत दुसरं कुणी बसणार होतं. वर्षभर आई खिडकीतून रस्ता बघत होती. आता तर समोरच्या भिंतीच्या विटासुद्धा तिला ओळखायला लागल्या असतील!

एक गॅरेजवाला म्हणाला होता, "खालीही हवी आणि मऊही हवी? होईल, पण थोडीच. भाग मागवावे लागतील, वेळ लागेल." गादीबाबांना मात्र ना भाग लागत होते ना वेळ. म्हणून पप्पा इथे.

बाबांचा एक नियम होता. पडद्याआड गाडी एकटी जात नसे. घरातल्या एकाने डोळ्यांवर पट्टी बांधून आत बसायचं आणि नंतर सगळ्यांसमोर सांगायचं, की गाडीला कुणी हात लावताना मी पाहिलं नाही.

"ही बसेल," पप्पा म्हणाले, आणि टिटवी आत गेलीसुद्धा.

दार लागलं. खट्! कुलूप पडलं. पट्टी इतकी करकचून बांधली होती, की कानशिलं ठणकत होती. बाहेर शिष्य रिकामी पिंपं बडवायला लागले, धडाम् धडाम्. आणि मग सीट एका बाजूने वर उचलली गेली! टिटवीने दाराची कडी चाचपली. ती नुसतीच हलत होती. काच खाली होईना. पायाखाली घर्रर्र सुरू झालं, दात शिवशिवतील असं. जळक्या लोखंडाचा वास नाकात शिरला. "उघडा!" ती ओरडली. पिंपं जोरात वाजली. शेवटी चारही कोपऱ्यांतून आवाज आला, फुस्स्स.

दार बोटभर उघडलं. बाबांचा आवाज अगदी कानाशी आला.

"ऐकलंस ते पोटात ठेव, पोरी. तोंड उघडलंस तर सगळा भार आईच्या हाडावर पडेल. आई आवडते ना?"

बाहेर आल्यावर त्यांनी मोठ्याने विचारलं, "कुणी हात लावताना पाहिलंस?"

डोळ्यांवर पट्टी असताना पाहणार काय, कपाळ! "नाही," टिटवी म्हणाली. टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांमध्ये ती पुन्हा एकदा कोंडली गेली.

"आणि ऐका!" बाबांनी पप्पांना बजावलं. "चाकांत मी माझा श्वास सोडलाय. हवा भरायची नाही. रविवारी स्वतः येऊन बाईंना गाडीत बसवतो."

घरी टिटवी मुकी झाली. आई आनंदाने कपाटातली साडी काढत होती, आणि टिटवी तिची नजर चुकवत होती. बोलावं तर आईचं हाड, न बोलावं तरी आईचंच हाड! शेवटी ती शेजारच्या शिंपीणकाकूंकडे गेली. त्यांचीही गाडी बाबांनी खाली बसवली होती. पुढे टायर फुटलं, तेव्हा "श्रद्धा कमी पडली" म्हणून बाबांनी काकूंनाच झापलं होतं.

"काकू, तुम्ही पडद्याआड बसला होतात ना? कसं वाटलं?"

काकूंच्या हातातली कात्री थांबली. "मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही!"

"ऐकू आलं का, असं मी कुठे विचारलं?"

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "तुलाही... घर्रर्र?"

"आणि फुस्स."

"अगं बाई! मला वाटलं, माझ्याच मनात पाप आहे म्हणून मला एकटीला ऐकू आलं. मुलांची शपथ घातली होती गं मेल्याने!"

घरी येऊन टिटवीने दोन पेनांतल्या स्प्रिंगा काढल्या. एक अख्खी ठेवली, दुसरी पक्कडीने अर्धी कापली. अख्खी बोटाखाली सहज दबली. अर्धी मात्र ताठली. शाळेत शिकवलेलं खरंच होतं: स्प्रिंग कापली की आखूड होते आणि कडकही होते. म्हणजे घर्रर्र हा गाडीच्या चाकांवरच्या स्प्रिंगा कापल्याचा आवाज होता! मग गाडी मऊ कशी लागली? फुस्स! अर्ध्या हवेची चाकं उशीसारखी दबत होती. उशी तरी फुटत नाही. तसली चाकं पळता पळता तापतात आणि फुटतात.

तिने दोन्ही स्प्रिंगा आईच्या तळहातावर ठेवल्या आणि रडत रडत सगळं ओकून टाकलं. आईने आळीपाळीने दोन्ही दाबून पाहिल्या.

"माझ्या हाडाची धमकी," ती सावकाश म्हणाली, "मला न विचारता परस्पर देतो? येऊ दे रविवारी."

रविवारी बाबा आले, मागून निम्मं गाव. आई कुबड्या घेऊन दारात उभी राहिली.

"बसते ना. आधी चाकांत हवा भरा."

"माझा श्वास आहे त्यात!"

"तुमचा श्वास तुम्हाला परत. आम्हाला साधी हवा चालते."

"अहो, वेडेपणा करू नकोस," पप्पा आईला समजवायला गेले, आणि आपण बायकोलाच 'अहो' म्हणालो हे कळून स्वतःच गोंधळले. तेवढ्यात शिंपीणकाकू पुढे झाल्या. "भरा हवा! मी आत बसले होते. करवतल्यासारखा आवाज मी या कानांनी ऐकलाय."

गर्दीत चुळबुळ झाली. मागून एक दबका आवाज आला, "मीपण." मग आणखी एक.

पप्पांनी पंप लावला. कंपनीने सांगितली आहे तेवढीच हवा भरली. पेला ठेवला. घरासमोरच्या गतिरोधकावरून गाडी अगदी हळू नेली. धाडकन! पेला उडून बाबांच्या पांढऱ्या डगल्यावर. गाडीला बसलेला तो दणका पप्पांच्या तोंडावर दिसला. ते बायकोच्या खुब्याकडेच बघत होते. उतरून त्यांनी जॅक लावून चाक काढलं. स्प्रिंगचं कापलेलं टोक चकचकीत होतं. हात घातला, तर आखूड स्प्रिंग आपल्या जागेत खुळखुळ्यासारखी हलली.

"ही खड्ड्यात निसटली असती तर?" ते पुटपुटले. "आणि आत हिला बसवलं असतं..."

"लोखंडाला बहुतेक वाईट वाटलंय," बाबा म्हणाले.

"त्याच्या कानात सॉरी म्हणा ना!" टिटवी म्हणाली. हशा उसळला, आणि त्या हशात कुणी पोलिसांना फोन केला ते बाबांना कळलंच नाही.

पुढे गाडी पहिल्याच गॅरेजवाल्याकडे गेली. त्याने योग्य मापाच्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे, धक्के जिरवणारे शॉकअप बसवले. गाडी खाली आली फक्त दोन बोटं. "याहून खाली आणली तर चाकाला वरखाली व्हायला जागाच उरणार नाही," तो म्हणाला. उरलेल्या उंचीसाठी त्याने दाराशी रुंद पायरी जोडली.

महिनाअखेरीस आई त्या पायरीवर चढली आणि थबकली. "पायरी! एवढी साधी गोष्ट वर्षभर कुणाला सुचली नाही?"

कशी सुचणार? सगळे चमत्काराची वाट बघत होते. म्हणून टिटवी आता सगळ्यांना सांगते, कुणी डोळे बांधायला सांगितले तर आधी विचारा, लपवायचं काय आहे. कुणी गप्प बसण्याची शपथ घातली तर शेजारच्याला विचारा, तुलाही घातली का? बंद गाडीचं दार कदाचित आतून उघडणार नाही, पण तोंड उघडता येतं.

गतिरोधक आला. गाडी हलकेच वर गेली, खाली आली.

"थोडा धक्का बसलाच," पप्पा ओशाळून म्हणाले.

"बसू दे," आई म्हणाली. "खरा आहे." आणि तिने वाचनालयाच्या वळणाकडे बोट दाखवलं.