राखून ठेवलेलं प्रकरण

माझी भाची पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली, असं तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, म्हणते. म्हणून घरात तिचं नावच भिंगरी पडलं. हायस्कूलमध्ये गेल्यावर तर विचारूच नका. सकाळी मैदानावर धावायची, दुपारी वादविवादाच्या तयारीत भांडायची, संध्याकाळी चॅपलमध्ये क्वायरबरोबर गायची, आणि एवढं करून वर्गात पहिल्या पाचांत. मी त्याच शाळेच्या आवारात, फादरांच्या निवासात स्वयंपाक करते. माझ्या खिडकीतून ती दिवसातून चारदा दिसायची आणि चारही वेळा पळत असायची.

तिला अष्टपैलू पदक हवं होतं. दर वर्षी शेवटच्या वर्गातल्या एकालाच मिळतं ते. अभ्यास, मैदान, गाणं आणि सेवा, चारही बाजू भक्कम हव्यात. शिवाय परीक्षेआधीच्या शेवटच्या आठवड्यातल्या एकाही कार्यक्रमाला गैरहजर राहिलात की नाव बाद. ताप असो, घरी लग्न असो, बाद म्हणजे बाद. पदक मिळालं की हव्या त्या कॉलेजचं दार उघडणार होतं, तेव्हा हा नुसता हौसेचा मामला नव्हता.

सेवेसाठी तिच्या वाट्याला आले आमचे मोठे फादर. एके काळचे मुख्याध्यापक. शाळेला वळण लावलं ते त्यांनीच, असं सगळे म्हणतात. मी तेव्हा इथे नव्हते, पण त्यांचा आवाज ऐकला की माझी पाठ अजून आपोआप ताठ होते. आता डोळे गेलेले, आणि डोकंही अधूनमधून दगा द्यायचं. सकाळी मिस्सा, म्हणजे चॅपलमधली उपासना, झालेली असली तरी दुपारी विचारायचे, "बाई, आज मिस्सा किती वाजता?" दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर भिंगरीने त्यांना तासभर वाचून दाखवायचं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी ती एका संताचं चरित्र घेऊन आली. फादर म्हणाले, "ही माणसं शेवटी कुठे जातात ते मला माहीत आहे, पोरी. खुनाबिनाचं काहीतरी आण."

तेव्हापासून आमच्या बैठकीच्या खोलीत दर शुक्रवारी तपास सुरू झाला. शाळेच्या ग्रंथालयातून तिने एक जाडजूड रहस्यकथा आणली. बेटावरचं दीपगृह, वादळ, आणि तिथे अडकलेल्या एका घड्याळवाल्याचा खून. फादरांचा संशय डॉक्टरवर, भिंगरीचा पुतण्यावर. मी स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून कांदा चिरत ऐकायचे. गोष्टीतल्या स्वयंपाकिणीवर संशय आला तेव्हा मात्र मला राहवेना.

"तिला कुठला वेळ खून करायला? भांडी काय इन्स्पेक्टर घासणार?" मी आतूनच ओरडले. फादर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आमचा तिघांचा एक करार होता. पुढचं कोणी एकट्याने वाचायचं नाही. मोह नको म्हणून भिंगरी पुस्तक माझ्याकडेच ठेवून जायची. नवल म्हणजे फादर बाकी सगळं विसरायचे, पण ही गोष्ट नाही. मागच्या शुक्रवारी कोण जिन्यात होतं आणि कोणाच्या हातात कंदील होता, ते चोख सांगायचे. सेवेचे ठरलेले तास हिवाळ्यातच भरले. तरी ती येत राहिली. हे मुद्दाम सांगते, कारण पदकासाठी म्हाताऱ्याच्या पुढेपुढे करते असं पाठीमागे बोलणाऱ्याही होत्या. बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार?

वेळ मात्र तिला पुरायचा नाही. तासाचा अर्धा तास झाला, मग त्याहूनही कमी. मैदानातून शिट्टी ऐकू यायची नाहीतर तालमीची घंटा व्हायची, आणि ती हातातलं वाक्य पुरं करून उठायची.

"जाऊ दे तिला," फादर म्हणायचे. "खुनी काही पळून जात नाही."

असं करत करत एकच प्रकरण उरलं. सगळे संशयित दीपगृहाच्या खोलीत जमले, इन्स्पेक्टर खुर्ची ओढून बसला, आणि नेमकी घंटा झाली. उरलेलं पुढच्या शुक्रवारी, म्हणत भिंगरी पळाली.

पुढचा आठवडा तोच, परीक्षेआधीचा शेवटचा. त्यातच निवासाच्या प्रमुखांनी सांगितलं की मोठ्या फादरांना रविवारी दुसऱ्या गावी, संस्थेच्या वृद्धनिवासात हलवायचं. तिथे नर्स असतात. ते खरंही होतं. मी काही त्यांना रात्री उठवू-बसवू शकत नव्हते. फादर एवढंच म्हणाले, "मध्ये शुक्रवार आहे ना? मग ठीक."

पण पाहुण्या शाळेची बस वाटेत बिघडली, आणि गुरुवारची रिले शर्यत शुक्रवारी दुपारवर गेली. तिच्या पाठोपाठ बक्षिसांची मिस्सा, त्यात भिंगरीचं एकटीचं गाणं. गुरुवारी ती येऊन फादरांच्या खुर्चीशी उभी राहिली. चेहरा एवढासा झालेला.

"फादर, आत्ताच वाचते ना. वादविवादाला अजून वीस मिनिटं आहेत."

"शेवट असा घाईघाईत ऐकायचा नाही मला," ते म्हणाले. "तू उद्या धाव, गा. शनिवारी सकाळी सावकाश वाचू."

शुक्रवारी दुपारीच गाडी दारात येऊन उभी. म्हणे ड्रायव्हरला रविवारी जमत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला काय, शुक्रवार काय नि रविवार काय. प्रमुखांनी मान डोलावली. मी फादरांची बॅग भरली.

"मी वाचते शेवटचं, फादर. पटकन."

"करार आहे, बाई."

गाडी हळूहळू निघाली तशी मीही तिच्याबरोबर चालत गेले. त्यांनी ती चॅपलपाशी थांबवायला लावली आणि काच खाली घेतली. आत मिस्सा चालू होती. भिंगरीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, स्वच्छ आणि न घाबरलेला. मी म्हटलं, तिला हळूच बोलावून आणते.

"नको. मधून उठली तर नाव बाद होईल तिचं."

ड्रायव्हर वैतागलेलाच होता. म्हणाला, "असला गाढव नियम कोणी केला?"

"मी," फादर म्हणाले. "तेव्हा फार शहाणा होतो."

गाणं संपेपर्यंत ते थांबले. मग काच वर केली आणि गाडी गेली. मी रस्त्यावर रिकाम्या हातांनी उभी राहिले. आत टाळ्या वाजत होत्या.

पदक भिंगरीलाच मिळालं. ते गळ्यात घालून ती थेट माझ्याकडे आली, फादरांना दाखवायला. मी सांगितलं तशी ती स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली.

"मावशी, तू मला बोलवायचंस ना गं."

फादर नको म्हणाले, हे खरं. पण मीही मनातून घाबरलेच होते, पोरीचं पदक जाईल म्हणून. आज वाटतं, गेलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?

पुढे लगेच परीक्षा आल्या. त्या संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसने त्या गावी गेलो. पुस्तक तिने मांडीवर धरलं होतं. वाटेत एकदाही उघडलं नाही.

फादर खिडकीशी बसले होते. केस नीट विंचरलेले, अंगात कुणा दुसऱ्याचा स्वेटर. भिंगरीने त्यांचा हात हातात घेतला. "फादर, मी आलेय."

"या, या," ते म्हणाले. "बसा."

त्या 'बसा'वरूनच मी ओळखलं. शाळेतल्या पोरीला त्यांनी जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. भिंगरीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. दीपगृहाचं नाव येताच फादरांनी तळहात वर केला.

"थांबा, थांबा. हे नको. माफ करा हं, पण हे मी एका मुलीसाठी राखून ठेवलंय."

"मीच ती, फादर."

भेटायला आलेल्या पालकांकडे बघून हसावं तसं ते अदबीने हसले. "वाईट वाटून घेऊ नका. तुम्हीही छान वाचता. पण तिचा आणि माझा करार आहे. आणि उशीर झाला म्हणून तिला कोणी रागावू नका. तिचा दोष नाही, तो नियमच तसा आहे."

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मला तिच्याकडे बघवेना. तिने पुस्तक मिटलं, डोळे पुसले आणि विचारलं, "मग पेपर वाचू?"

तिने अख्खा पेपर वाचला. हवामान वाचलं, जाहिराती वाचल्या, हरवलेल्या कुत्र्याचं वर्णनसुद्धा वाचलं. दुपार कलली तरी तिला उठायची घाई नव्हती. शेवटी नर्सनेच येऊन वेळ संपली म्हणून सांगितलं.

आम्ही निघालो तेव्हा फादरांनी विचारलं, "आज वार कुठला हो?"

"शुक्रवार," भिंगरी म्हणाली.

"मग येईलच ती आता," असं म्हणून त्यांनी तोंड दाराकडे वळवलं, आणि आम्ही त्याच दारातून बाहेर पडलो.