शेवटची पंधरा मिनिटं

फुटबॉलच्या मैदानावर त्याला सगळे शिंपी म्हणत. बचावाची फळी आक्रमणाशी शिवायची आणि टाका दिसू द्यायचा नाही, हे त्याचं काम. सोळा वर्षं मधल्या फळीत त्याने ते मन लावून केलं. घरी मात्र यांना शर्टाचं बटणही लावता येत नाही, असं बायको आल्यागेल्याला सांगायची.

त्याच्या निरोपाच्या सामन्यात तेव्हाच्या म्हाताऱ्या कोचने त्याला शब्द दिला होता, शेवटची पंधरा मिनिटं तुझी. दुसरा हाफ सुरू झाल्यापासून तो रेषेबाहेर वॉर्म-अप करत राहिला. तिन्ही बदली खेळाडू आत गेले, आता नियमानेही कुणाला उतरता येणार नव्हतं, तरी हा पळतच होता, कारण स्टँडमध्ये बायको बसली होती. परतताना त्याने तिला सांगितलं, गुडघा दुखत होता, मीच नको म्हटलं. म्हाताऱ्याने आपल्या तोंडाला पानं पुसली, हे सांगायची त्याला लाज वाटली. आपण कोच झालो तर दुसरं काही जमो न जमो, कुणाचं असं करायचं नाही, एवढं त्याने ठरवून टाकलं.

कोच होऊन आता अकरा वर्षं झाली होती. आज मोसमातला शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी संघ वरच्या गटात टिकत होता. हरला तर संघ खाली आणि कोच घरी, हे सेक्रेटरींनी चहा पिता पिता अगदी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. आणि आजच कप्तान निवृत्त होत होता. चौतिशीचा, शिंप्याच्याच हाताखाली घडलेला, त्याच्याच जागेवर खेळणारा. त्याच्या गुडघ्यात आता काही राम उरला नव्हता. तो बूट बांधत असताना शिंपी शेजारी जाऊन बसला.

"शेवटची पंधरा मिनिटं तुझी. शब्द देतो."

कप्तानने गाठ पक्की केली. आई येणार आहे, एवढंच तो म्हणाला.

पंचाहत्तराव्या मिनिटाला एक-एक. कप्तान बाकासमोरून पळत होता, दर खेपेला एकदा इकडे बघत होता. शिंप्याला मान न वळवताही ते दिसत होतं. इतकी वर्षं मधोमध खेळून ती सवयच लागते. समोरचे डावीकडून सारखे घुसत होते. तिथे हा गुडघा घातला तर सगळंच उसवेल. दोन मिनिटं थांबू, असं तो मनाशी म्हणाला. मग आणखी दोन. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला त्याचा डावा बचावपटू पाय धरून आडवा झाला. एकच बदली शिल्लक होती. सहायकाने नंबराचा बोर्ड हातात घेऊन विचारलं, कोण?

शिंप्याने बाकावरच्या धिप्पाड बचावपटूचा नंबर सांगितला. कुठल्याही कोचने हेच केलं असतं. म्हाताऱ्यानेही हेच केलं होतं, आणि ते त्याला आज पहिल्यांदा समजलं. समजून काडीचं बरं वाटलं नाही.

कप्तानने बोर्ड पाहिला आणि तो पळत राहिला. गुडघे छातीपर्यंत उचलत, शेवटची शिट्टी होईपर्यंत.

सामना बरोबरीत सुटला. सेक्रेटरींनी पाठ थोपटली. पुढचं वर्ष पक्कं. शिंपी मागच्या दाराने सटकायला निघाला, तर तिथेच कप्तान आपल्या आईबरोबर उभा.

"गुडघा दुखत होता गं," तो तिला सांगत होता. "सर उतरवणारच होते. मीच नको म्हटलं."

आई शिंप्याकडे वळली. "बरं झालं, ऐकलंत त्याचं. तुमच्यामुळे पोराचं सगळं नीट झालं."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही. पण आईदेखत पोराची शोभा होईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि गुडघा शेकत जा, एवढंच म्हणाला. कप्तानने हात पुढे केला. न खेळलेल्या माणसाचा तो हात घामाने ओला होता.

घरी बायकोने दारातच विचारलं, कप्तान खेळला का?

"गुडघा दुखत होता," तो म्हणाला. "त्यानेच नको म्हटलं."



"तुमचाही तेव्हा असाच दुखत होता," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली बॅग घेऊन आत गेली.